सैनिक विकणारं दुकान आणि फुकटचं टेबल

दहा रुपयांचं नाणं टेबलावर उभं धरा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. आता त्याहून केसभर उंच असा एक शिपाई डोळ्यांसमोर आणा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर लांब नळीची बंदूक, कमरेला जंबिया, आणि भिंग लावून पाहिलं तर मिशीचा पीळसुद्धा. २८ मिलिमीटरचा हा माणूस म्हणजे मिनिएचर. खेळणारे त्याला नुसतं ‘मिनी’ म्हणतात. असे पन्नास-शंभर मिनी मांडायचे, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. हाच वॉरगेम.

हे सामान मिळायचं असं एक दुकान नागपूरच्या धरमपेठेत होतं, लक्ष्मीभुवन चौकातून थोडं आत वळल्यावर. नाव लिहीत नाही, दुकान चालवणाऱ्या काकांना ते आवडणार नाही. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बंद झाल्याचं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, “ऑनलाइन सगळं मिळते न भाऊ, मग काय बिघडलं?” प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी खेळ समजावा लागतो, मग दुकानाचा गल्ला.

बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो. वॉरगेममध्ये घरंच नसतात. टेबल म्हणजे सपाट रान. पायदळ सहा इंच चालेल, घोडदळ बारा इंच, चढ लागला तर त्याच्या निम्मं, असे नियम ठरलेले असतात. बंदुकीचा पल्ला इंचात. नेम लागला की नाही ते फासा सांगतो. समोरचा भिंतीआड असेल तर चारऐवजी पाच पडायला हवेत. एका बाजूचं सगळं चालून-मारून झालं की दुसऱ्याची पाळी. मूळ खेळ एवढाच. बाकी जाडजूड नियमपुस्तकं ‘पण असं झालं तर?’ या एकाच प्रश्नाची उत्तरं असतात.

आमचा आवडता डाव सीताबर्डीचा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या बाजूच्या इंग्रज पलटणींची बर्डीच्या दोन टेकड्यांवर जुंपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. माणसं भोसल्यांकडे कितीतरी जास्त होती. त्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतलीही. मग इंग्रजांकडच्या बंगाल घोडदळाच्या कॅप्टन फिट्झगेराल्डनं हल्ला चढवला, लहान टेकडीवर अरबांमध्ये दारूगोळ्याची गाडी उडाली आणि पारडं फिरलं. आज त्या टेकड्यांच्या पायथ्याशी आपण कपडे घ्यायला जातो आणि पार्किंग मिळत नाही म्हणून चिडतो.

आम्ही थर्माकोलच्या दोन टेकड्या कापल्या. नागपुरी फौज कुठल्याही डब्यात तयार मिळत नाही, म्हणून दुसऱ्याच युद्धातले शिपाई घेऊन त्यांच्या टोप्या ब्लेडनं छाटल्या आणि एम-सीलची बारीक वळी करून मुंडाशी बांधली. एम-सील मळल्यावर साधारण अर्धा तास हातात राहतं, तेवढ्यात चार मुंडाशी होतात. दारूगोळ्याच्या गाडीसाठी नियम असा केला की दर पाळीला दोन फासे टाकायचे, दोन्ही सहा आले तर गाडी उडाली. ३६ मध्ये एक शक्यता. एकदा पहिल्याच पाळीला उडाली, एकदा शेवटपर्यंत नाही. चार वेळा खेळलो, तीनदा आप्पासाहेब जिंकले. इतिहासाच्या पुस्तकात ‘आणि मग’ असं लिहिलेलं असतं त्या जागी किती ठिकाणी निव्वळ फासा पडलेला असतो, ते त्या टेबलाभोवती उभं राहून जसं कळलं तसं मला वर्गात कळलं नव्हतं.

मुळात या खेळाची सुरुवात शिकवणीसाठीच झाली. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच असा लढाईचा सराव मांडला. तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भाग झाला. घराघरात खेळ पोचायला मात्र स्वस्त शिपाई लागत होते. ते लंडनच्या विल्यम ब्रिटननं १८९३ मध्ये दिले. त्याची युक्ती गमतीची होती. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर गोठला की मधलं शिसं परत ओतून घ्यायचं. शिपाई आतून पोकळ. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स १९१३ मध्ये अशा शिपायांच्या खेळाचे नियम छापून मोकळे झाले. त्यांच्या खेळात फाशाऐवजी स्प्रिंगची खेळण्यातली तोफ खरोखर डागायची आणि जो आडवा पडला तो मेला, असा हिशोब होता.

आजचा बाजार ज्या कंपनीभोवती फिरतो ती म्हणजे गेम्स वर्कशॉप. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली आणि आधी लाकडी पटांचे खेळ विकले. १९७८ मध्ये हॅमरस्मिथला पहिलं दुकान टाकलं. १९८३ मध्ये वॉरहॅमर आलं आणि १९८७ मध्ये त्याचं अंतराळातलं भावंड, वॉरहॅमर ४०,०००. आता इतिहासातल्या शिपायांपेक्षा या कल्पित जगातले चिलखती अंतराळवीरच जास्त विकले जातात. मला ते फारसे भावत नाहीत, पण काकांच्या गल्ल्यात जे काही पडायचं ते त्यांच्यामुळेच, हेही खरं.

आता रंगाचं. मिनी रंगवलेला मिळत नाही, ही गोष्ट नवख्याला सांगितली की त्याचा चेहरा पडतो. डब्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, मुंडकी येतात. चौकटीला स्प्रू म्हणतात. कटरनं तुकडे सोडवायचे, चिकटवायचे, प्राइमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधीचा थर, मारायचा, मग रंगाचे पातळ हात द्यायचे. जाड हात दिला की नाकडोळे बुजतात. त्यावर वॉश, म्हणजे पाण्यासारखा गडद रंग. तो कपड्याच्या चुण्यांत आपोआप जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी ड्रायब्रश. ब्रशावरचा रंग फडक्याला जवळजवळ पूर्ण पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. कडा उजळतात आणि दोन मिनिटांत प्लास्टिकचा तुकडा माणूस वाटायला लागतो.

हे सगळं व्हिडिओ पाहून शिकता येतं, पण ते व्हिडिओ नागपूरच्या मे महिन्यात बनवलेले नसतात. ४५ अंशांत ॲक्रिलिक रंग ब्रशाच्या टोकावरच वाळतो. पहिल्या उन्हाळ्यात मी तीन ब्रश घालवले. काकांनी पोळ्यांचा जुना डबा घेतला, त्यात ओला स्पंज ठेवला, वर बटर पेपर पसरला आणि म्हणाले, “यावर रंग काढ बाबू, दोन दिवस वाळत नाही.” मग माझ्या पेल्याकडे बघून, “अन् ब्रश पाण्यात उभा ठेवून राहिला का? टोक वाकडं होते न.” पावसाळ्यात उलटी तऱ्हा. जुलैच्या दमट हवेत स्प्रेचा प्राइमर मारला तर शिपायावर पांढुरकी पूड बसते. काकांकडे एक ठरलेला दिवस असायचा. दोन दिवस उघाड पडली की आम्हा सगळ्यांचे शिपाई दुकानामागच्या बोळात पुठ्ठ्यावर ओळीनं उभे करून ते स्वतः स्प्रे मारायचे.

नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, गणपतीच्या आधी उभं राहिलं असेल कोणी, तर त्याला हे ओळखीचं वाटेल. तिथंही डोळे शेवटी आणि सरावलेल्या हातानंच काढले जातात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवून गल्लीभर मिरवणारं पोर आणि स्वतः रंगवलेली पलटण डब्यात घालून दुकानात येणारा चाळिशीतला बँकवाला यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दोघांनाही कोणीतरी “वा, मस्त!” म्हणायला हवं असतं.

आणि इथंच दुकानाचा खरा माल कळतो. खेळायला चार बाय सहा फुटांचं टेबल लागतं. आपल्याकडे एवढं मोठं जेवणाचं टेबल किती घरांत असतं? असलं तरी तीन तास ते अडवून ठेवल्यावर घरचे काय म्हणतील? वर प्रतिस्पर्धी हवा. नागपुरात हा खेळ खेळणारे एकमेकांना कसे सापडणार? कपाळावर लिहिलेलं नसतं. काकांनी दुकानाच्या मागच्या खोलीत प्लायवूडची दोन टेबलं टाकली होती. रविवारी सकाळी तर्री पोहा खाऊन लोक जमायचे. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजची दोन-तीन पोरं, एक दंतवैद्य (त्याच्याइतका बारीक रंग कोणी लावत नसे, उघड आहे), तो बँकवाला, मी, आणि सायकलवर येणारा नववीतला एक मुलगा. तो कधीच काही विकत घेत नसे, पण सगळ्यांचे नियम तोंडपाठ. या सहा-सात जणांना एका खोलीत आणणारी दुसरी कुठलीच जागा या शहरात नव्हती. पानठेल्यावरही माणसं जमतात, पण तिथं दंतवैद्य आणि नववीतला पोरगा तीन तास भांडत बसत नाहीत.

म्हणजे दुकान दोन गोष्टी देत होतं. डबा आणि टेबल. पैसे घेत होतं फक्त डब्याचे. दुकान बुडण्याचं मूळ इथं आहे.

साधं गणित मांडतो. आकडे माझे, निव्वळ उदाहरणापुरते. दुकानाचं भाडं महिन्याला २५,००० रुपये. तीन हजारांचा डबा विकला की दुकानदाराच्या हातात ८०० उरतात. म्हणजे नुसतं भाडं निघायला महिन्याला ३२ डबे जायला हवेत. वीज, पोऱ्याचा पगार, काकांचा चहा अजून बाकी. आता गिऱ्हाईक बघा. शहरात नेमानं खेळणारे ४० जण धरले आणि प्रत्येकानं वर्षाला चार डबे घेतले, तर झाले १६०. महिन्याला तेरा. भाड्याच्या निम्म्याचीही बोंब.

त्यात हा माल शेल्फवर झोपतो. किराणा दुकानात साखरेचं पोतं आठवड्यात संपतं, तेच पैसे परत फिरतात. इथं एका खेळात वीस प्रकारच्या फौजा, प्रत्येक फौजेचे तीस-चाळीस डबे. सगळे ठेवले तर लाखो रुपये अडकले. नाही ठेवले तर गिऱ्हाईक नेमका नसलेलाच डबा मागतो. बाहेरच्या देशांतल्या खेळांच्या दुकानांना पत्त्यांनी तारलं. १९९३ मध्ये मॅजिक नावाचा पत्त्यांचा खेळ आला. पाकीट लहान, किंमत कमी, आत काय निघेल ते माहीत नाही म्हणून पोरं पुन्हा पुन्हा घेतात, आणि अख्खा साठा एका काचेच्या कपाटात मावतो. मिनीचं सगळं उलटं. डबा मोठा, महाग, आणि एकदा घेतला की रंगवण्यात सहा महिने जातात. माझ्याच माळ्यावर न रंगवलेल्या शिपायांचे अकरा डबे आहेत. यातला कुठलाही माणूस हा आकडा घरी खरा सांगत नाही.

काका मग जगत कशावर होते? शाळेच्या प्रोजेक्टवर. थर्माकोल, बाल्साचं लाकूड, छोट्या मोटारी, इंजिनिअरिंगच्या पोरांना लागणारे विमानाचे पंखे. मिनीची दोन शेल्फं त्या कमाईवर पोसली जायची. प्रोजेक्टचं सामान पोरं फोनवरून मागवायला लागली, तेव्हा शिपायांच्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण आम्ही कधी त्या बाजूच्या शेल्फकडे बघितलंच नव्हतं.

त्यावर आयातीचा बोजा. हे डबे बहुतेक बाहेरून येतात. कस्टमच्या खात्यात खेळणी आणि छोट्या मापाची मॉडेल्स एकाच रकान्यात बसतात. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. दोन हजारांच्या मालावर चौदाशे रुपये शुल्क, त्यावर जीएसटी, त्यावर कुरिअर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. धोरणाचा रोख स्वस्त, घातक खेळण्यांवर होता आणि देशात कारखाने वाढावेत हा हेतू होता. तो चुकीचा म्हणणार नाही. पण नागपुरातल्या चाळीस जणांसाठी कोणी इथं पोलादी साचा बनवणार नाही, आणि त्या चाळीस जणांचा विचार कुठल्याही धोरणात असण्याचं कारणही नाही.

साच्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण त्यात सत्तेची किल्ली आहे. पूर्वी मिनी धातूचे असत. रबराचा गोल साचा फिरवत त्यात कथील-शिशासारखा मिश्रधातू ओतायचा. रबराचा साचा स्वस्त, त्यामुळे घरामागच्या खोलीतसुद्धा कोणी कारखाना काढू शकत असे आणि दुकानदाराला दहा ठिकाणांहून माल मिळे. कठीण प्लास्टिकचं तसं नाही. तापलेलं प्लास्टिक प्रचंड दाबानं पोलादी साच्यात घुसवावं लागतं. हा साचा फार महाग, पण एकदा झाला की एकेक नग अगदी स्वस्तात पडतो. म्हणजे ज्याच्याकडे मोठं भांडवल तोच टिकतो. मग त्याचा माल नसेल तर दुकान ओस, आणि तीच कंपनी स्वतःच्या वेबसाइटवरून थेट विकणार. गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात गेली. छंदाला उतरती कळा लागलेली नाही, हे त्यावरून दिसतं. उतरती कळा लागली ती मधल्या माणसाला. गंमत अशी की ही कंपनी आजही स्वतःची छोटी दुकानं चालवते, पुष्कळ ठिकाणी एकाच माणसाच्या जिवावर. नवा गिऱ्हाईक दुकानात घडतो, हे तिला पक्कं माहीत आहे. तो घडवायचा खर्च ती डब्याच्या नफ्यातून काढू शकते, काका काढू शकत नव्हते.

अलीकडचा धक्का थ्री-डी प्रिंटरचा. द्रवरूप रेझिन भरलेलं पात्र, खाली पडदा. पडद्यावरच्या उजेडानं रेझिनचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका थर कडक होतो, मग पुढचा थर, आणि रात्रभरात आठ-दहा शिपाई उलटे टांगलेले तयार. फाइल विकत घ्यायची, घरी छापायची. यंत्र आता बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतं. रेझिनला वास येतो, हातमोजे लागतात, धुवायला अल्कोहोल लागतं, तरीही आमच्यातल्या दंतवैद्यानं ते घेतलंच. आप्पासाहेबांचे अरब आता मुंडाशासकट छापून येतात. एम-सीलचे दिवस गेले. मला वाईट वाटायला हवं, पण खरं सांगायचं तर बोटं सुटली.

टिकलेली दुकानं काय करतात? मोठ्या शहरांतले बोर्डगेम कॅफे बघा. ते टेबलाचे पैसे घेतात. माणशी तासाचे, किंवा जागा फुकट पण कॉफी-खाणं घ्यावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी रंगकामाचे वर्ग भरवतात, आगाऊ पैसे घेतल्याशिवाय डबा मागवत नाहीत. थोडक्यात, जी गोष्ट फोनवरून मागवता येत नाही तिलाच किंमत लावतात.

काकांना हे सुचलं नव्हतं असं नाही. एका रविवारी आम्ही गेलो तर मागच्या खोलीच्या दाराशी प्लायवूडची छोटी पाटी लटकलेली. त्यांनी स्वतःच्या हातानं, पिवळ्यावर काळ्या अक्षरात रंगवलेली. ‘टेबल : तासाला ५० रुपये.’

बँकवाला म्हणाला, “बसाचे पैसे? काहून?”

सगळे हसलो. काकाही हसले. त्या दिवशी तीन तास खेळलो, दीडशे रुपये कोणी दिले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. पुढचे दोन रविवार कोणीच फिरकलं नाही. कोणाला लग्न होतं, कोणाला क्रिकेटची मॅच. तिसऱ्या रविवारी पाटी काढलेली होती.

दुकान आवरायच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. टेबलं कोणाच्याच घरात मावत नव्हती, ती भंगारात गेली. दंतवैद्यानं रंगांचा स्टँड नेला, नववीतल्या त्या मुलानं, जो आता कॉलेजात होता, नियमांची जुनी पुस्तकं. मी ती पाटी मागून घेतली. तिच्या कोऱ्या बाजूवर मी रंगाची छटा ब्रशानं ओढून बघतो. अरबांच्या मुंडाशाचा पिवळा, इंग्रज पलटणीचा लाल, बर्डीच्या मातीचा तपकिरी. ती बाजू आता जवळजवळ भरत आलीय.